ऊन पाण्याचा जमाखर्च

मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे पंचगंगेच्या काठावर पहाटे धुके उतरते आणि करवीर नगरीत जो तो थंडीच्या गोष्टी बोलू लागतो. या गोष्टी बहुधा गमतीच्या असतात. कोठे शेकोटीभोवती चहा फिरतो, कोठे गुऱ्हाळावर जाऊन ताजी काकवी खाण्याचे बेत ठरतात. परंतु थंडीलाही एक जमाखर्च असतो आणि तो कोणत्या घरात कोणाच्या नावे पडतो, याचा विचार आमच्या शहरात व्हावा तितका होत नाही. आज आम्ही तो करण्याचे योजिले आहे.

आमचे कोल्हापूर म्हणजे काश्मीर नव्हे. येथे पहाटेचा पारा सामान्यतः १५ अंशांच्या आसपास उतरतो, क्वचित त्याच्याही खाली जातो. घर तापविण्याची रीत आमच्याकडे नाही व तिची गरजही नाही. आम्हांस ऊब मिळते ती दोन गोष्टींपासून, पांघरुणापासून आणि ऊन पाण्यापासून. पांघरुणाचा खर्च एकवेळचा. घरातील जुन्या लुगड्यांची वाकळ एकदा शिवली, किंवा सनगराने विणलेले घोंगडे एकदा घेतले, म्हणजे ते कित्येक हिवाळे पुरते. पाण्याचे तसे नाही. आज तापविलेले पाणी आज संपते व उद्या पुन्हा जळण लागते. म्हणून आमच्या मुलखात थंडीचा खर्च म्हणजे मुख्यतः आंघोळीच्या पाण्याचा खर्च होय.

हा खर्च किती, ते एकदा मोजून पाहावे. भाव नित्य बदलतात, यास्तव आम्ही हिशेब रुपयांत न मांडता मापांत मांडतो. घरात पाच माणसे आहेत व प्रत्येकास २० लिटरची एक बादली लागते, म्हणजे १०० लिटर पाणी झाले. टाकीतील पाणी पहाटे सुमारे २० अंशांचे असते, ते ४० अंशांपर्यंत आणावयाचे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे रोज २,००० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटापासून ८६० किलोकॅलरी मिळतात. वाटेत थोडी उष्णता वाया जाते हे धरले तर रोज अडीच युनिट, महिन्यास ७५ युनिट. तेच पाणी गॅसवर तापविले तर रोज सुमारे ३०० ग्रॅम, महिन्यास ९ किलो गॅस जळतो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग नुसत्या आंघोळीत जातो. आणि उघड्या चुलीवर हंडा ठेवला तर लाकडातील उष्णतेच्या आठ हिश्शांपैकी सात हिस्से हवेत जातात व एकच हिस्सा पाण्यास लागतो. चांगले वाळलेले लाकूड असले तरी रोज चार किलो, महिन्यास सव्वा क्विंटलाच्या जवळ. ओले असेल तर त्याहून अधिक.

या हिशेबात एक अन्याय दडलेला आहे, तो वाचकांच्या ध्यानात आला असेल. उष्णता तीच, आंघोळ तीच, परंतु ज्याच्याजवळ साधन सर्वांत हलके, त्याचे जळण सर्वांत अधिक वाया जाते. वखारीतून रोजच्या रोज बंबफोडीची मोळी आणणारा मजूर जो पैसा देतो, त्यातील बहुतेक धूर होऊन उडून जातो. जळण विकत न घेता रानातून आणले तर ते फुकट पडते, असे पुरुषमंडळी म्हणतात. पण राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडील ज्या स्त्रिया डोक्यावर भारा घेऊन डोंगर उतरतात, त्यांच्या वेळेची व कष्टाची किंमत त्या हिशेबात कोठे लिहिली आहे? आणि धुराची? घरातील चुलीच्या धुरामुळे व तत्सम प्रदूषणामुळे २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख माणसे अकाली मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल यांच्या छातीत तो धूर जातो. तो खर्च पुढे दवाखान्यात निघतो, आणि तेव्हा त्याला कोणी जळणाचा खर्च म्हणत नाही.

सरकारने २०१६ साली उज्ज्वला योजना काढून गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसची जोडणी दिली, हे स्तुत्य काम झाले. परंतु जोडणी मिळणे निराळे आणि सिलिंडर पुन्हा पुन्हा भरून घेणे परवडणे निराळे. परिणामी पुष्कळ घरांत स्वयंपाकास गॅस आणि आंघोळीस चूल अशी वाटणी झाली आहे. गृहिणी गॅस राखून वापरते, तो चहाला व भाकरीला. पाण्याचा हंडा परसातील चुलीवरच राहतो. धूर स्वयंपाकघरातून निघून परसात गेला, एवढाच काय तो फरक.

मध्यम स्थितीच्या घरासही हा हिशेब सोपा नाही. महावितरणाच्या घरगुती दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांस एक दर आहे व त्यापुढील युनिटांस बराच चढा दर आहे. दिवे, पंखा, शीतकपाट यांत ६०-७० युनिट वापरणारे कुटुंब एरवी पहिल्या टप्प्यात सुखाने राहते. त्यात हिवाळ्याचे ७५ युनिट मिळाले की ते दुसऱ्या टप्प्यात जाते, आणि बिल हाती पडल्यावर घरात कुरकुर सुरू होते. इंग्लंडात ब्रेंडा बोर्डमन या विदुषींनी १९९१ साली या दुःखास 'इंधन-दारिद्र्य' या नावाने ग्रंथरूपाने मांडले. घर पुरेसे उबदार राखण्यास ज्या कुटुंबास उत्पन्नाच्या दशांशाहून अधिक खर्च करावा लागेल ते इंधन-दरिद्री, असे त्यांचे माप होते. आमची हवा निराळी व गरजाही निराळ्या, परंतु मोजण्याची ती बुद्धी घेण्याजोगी आहे. जे मोजले जात नाही त्यावर उपायही होत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? थंड पाण्याने आंघोळ करावी, शरीर कणखर होते. लाल मातीतील पैलवानाने तसे खुशाल करावे, त्यास आमची ना नाही. परंतु बाळंतीण, तान्हे मूल, दम्याचा म्हातारा, इचलकरंजीच्या मागावर रात्रपाळी करून पहाटे घरी येणारा कामगार यांस तालमीचा धडा सांगणे हे शहाणपणाचे नव्हे. ऊन पाणी ही त्यांची चैन नसून गरज आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय घरातलाच आहे व त्यास फारसा पैसा लागत नाही. पाणी बादलीने मोजून तापवावे. हंड्यावर झाकण ठेवावे. चूल उघडी न ठेवता तिन्ही बाजूंनी मातीने बंद करून आच भांड्याखाली राहील असे करावे. जुना तांब्याचा बंब असेल तर तो मोडीत घालू नये. त्याच्या पोटातून नळी जात असल्यामुळे आच पाण्याने वेढलेली राहते व जळण पुष्कळ वाचते. आमच्या आज्या घंगाळ उन्हात ठेवीत, त्यात मोठेच शास्त्र होते. काळ्या रंगाच्या पिंपातील पाणी उन्हाने २० अंशांचे ३० अंश झाले, तर जळण निम्म्यावर येते. लहान मुले व वृद्ध यांची आंघोळ पहाटेऐवजी दुपारी ठेवली तर हे सहज साधते.

येथेच एक इशारा दिला पाहिजे. थंडी वाजते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नये, आणि गॅसचा गीझर बिनखिडकीच्या न्हाणीघरात बसवू नये. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू उत्पन्न होतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि माणसास गुंगी येते ती झोपेसारखीच वाटते. पाणी तापविण्याचा विजेचा रॉड बादलीत असताना पाण्यास हात लावणे हेही तितकेच घातक. जे व्यापारी ही साधने विकतात त्यांस आमची विनंती आहे की प्रमाणित माल ठेवावा आणि गिऱ्हाइकास दोन वाक्ये समजावून सांगावी. त्यास वेळ थोडा लागतो व त्याने जीव वाचतो.

दुसरा व खरा उपाय सूर्याचा आहे. उन्हाने पाणी तापविण्याचे यंत्र ही काही नवलाई नव्हे. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी अशा यंत्राचे पेटंट १८९१ सालीच घेतले होते. इस्रायलने १९८० साली कायदा करून नव्या घरांवर ते सक्तीचे केले. रोज १०० लिटर पाणी तापविण्यास साधारण दोन चौरस मीटरची पट्टी पुरते. पावसाळ्यात ते आमच्याकडे निरुपयोगी ठरते हे खरे, परंतु पौष-माघात आमचे आकाश स्वच्छ असते, म्हणजे ज्या महिन्यांत ऊन पाणी सर्वांत अधिक लागते त्याच महिन्यांत ते काम देते. कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार आत बसतात, तेवढे वर्षातून एकदा साफ करून घ्यावे लागते.

असे असता हे यंत्र घरोघर का दिसत नाही? कारण त्याची सर्व किंमत आरंभीच द्यावी लागते, आणि त्यास स्वतःची गच्ची लागते. मंगळवार पेठेतील किंवा शिवाजी पेठेतील भाडेकरूने ते कोठे बसवावे? घरमालकाने बसवावे तर पैसा मालकाचा आणि बिल वाचते भाडेकरूचे, मग मालक का हलेल? म्हणजे बंगलेवाल्यास सूर्य फुकट आणि चाळवाल्यास लाकूड विकत, अशी विलक्षण स्थिती झाली आहे. ही स्थिती निसर्गाने निर्माण केलेली नसून व्यवस्थेच्या अभावाने झालेली आहे.

आणि व्यवस्था करणे हे तर कोल्हापूरचे विशेष! एकट्यास न झेपणारे काम दहा जणांनी मिळून करावे हे या जिल्ह्यास शिकवावे लागत नाही. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था त्याच बळावर उभ्या राहिल्या. गरीब मुलांस शहरात राहण्यास जागा नाही म्हणून १९०१ सालापासून राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे विद्यार्थी वसतिगृहे निघाली, त्यामागेही हीच बुद्धी होती. मग पतसंस्थांनी सौर बंबासाठी लहान हप्त्यांचे कर्ज का देऊ नये? चाळीच्या गच्चीवर सर्वांचा मिळून एक बंब, त्याचा खर्च भाड्यात थोडा थोडा वळता, असा करार मालक व भाडेकरू यांनी का करू नये? आमच्या पेठापेठांतील तालमी गणेशोत्सवास वर्गणी जमवितात व उत्तम जमवितात. तालमीच्या गच्चीवर एक मोठा सौर बंब बसवून गल्लीतील वृद्धांस व बाळंतिणींस सकाळी दोन बादल्या ऊन पाणी देणे, हे काम त्यांच्या कीर्तीस शोभण्यासारखेच होईल. महानगरपालिकेने इमारतींचे नकाशे मंजूर करताना गच्चीवरील उन्हाची जागा राखली जाते की नाही हे पाहावे.

शहराबाहेर पाहिले तर याच महिन्यांत ऊसतोडणी चालू असते. बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे फडाजवळच्या कोप्यांत थंडी काढतात. त्यांच्या डोळ्यांदेखत शेतातील पाचट पेटवून दिले जाते आणि त्यांच्या बायका मात्र अंधारात जळण शोधीत फिरतात. पुण्याच्या आरती या संस्थेने पाचटापासून धूर न करणारा कोळसा करण्याची युक्ती सिद्ध केली व त्याबद्दल तिला २००२ साली इंग्लंडातील अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. पाचट जमिनीतच कुजविणे शेतास हिताचे असते हे आम्ही जाणतो. परंतु जे नाही तरी जाळलेच जाणार, त्यातील थोडा भाग कोळसा करून, निर्धूर शेगडीसह, तोडणी कामगारांस देणे कारखान्यांस जड जाऊ नये. त्यांच्या वस्तीवर ऊन पाण्याची सोय करणे तर त्याहून सोपे.

शेवटी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. या शहरात मृतास जळणावाचून अडून राहावे लागत नाही. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका अंत्यसंस्कार विनामूल्य करते, आणि होळीच्या सुमारास नागरिक 'होळी लहान करा, शेणी दान करा' अशी हाक देऊन त्यासाठी शेणींच्या राशी पोहोचवितात. या उदारतेचा आम्हांस अभिमान वाटतो. ज्या नगरीने परक्याच्या चितेचे जळण आपले मानले, तिने शेजारच्या चुलीचे जळणही आपले मानावे, एवढेच आमचे मागणे आहे. पौष दरवर्षी येणार आहे. पुढल्या पौषापूर्वी आपल्या गल्लीत कोणाच्या घरी हंडा अजून धुरात तापतो याची नुसती यादी जरी वाचकांनी केली, तरी कामास आरंभ झाला असे आम्ही समजू.