थुंकी नको, बेडका हवा

"थुंकी नको आजी, बेडका हवा. छातीतून काढा."

काचेपलीकडची सिस्टर हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत असेल कोण जाणे. सकाळचे सात वाजलेले. मुंबईतल्या एका तपासणी केंद्राच्या मागच्या अंगाला एक छोटी बंदिस्त खोली, हवा ओढून घेणारा पंखा सतत घरघरतोय, आत एका वेळी एकच माणूस. हातात झाकणाची प्लास्टिकची डबी. आता आत उभ्या आहेत त्या बाई सहासष्ट वर्षांच्या. मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला. अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर त्यानं आईवडिलांसाठी अर्ज केला, तो मंजूर झाला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत ठरली. मुलाखतीआधी मेडिकल. त्यातून यजमान सुटले, बाई अडकल्या.

आणि बाईंना खोकलाच नाही. ज्याला खोकला नाही त्यानं बेडका आणायचा कुठून, हा या खोलीतला रोजचा पेच.

तयारी दोन महिने आधीपासून चालली होती. डोंबिवलीच्या मुलीनं फाइल केली: पासपोर्ट, अर्जाचं पान, फोटो, चालू गोळ्यांची यादी. एवढं एका संध्याकाळी उरकलं. गाडी अडली ती लसींपाशी. १९५९ साली गिरणगावातल्या चाळीत जन्मलेल्या बाईचं लसीचं कार्ड कुठून पैदा करणार? पुरावा म्हणाल तर दंडावर देवीच्या लसीचे दोन खोलगट वण. देवीचा रोग भारतातून १९७५ सालीच गेला, त्या वणांना आता कोणी विचारत नाही. "कांजिण्या आल्या होत्या का?" मुलीनं विचारलं. "आल्या होत्या की. चाळीतल्या सगळ्या पोरांना आल्या होत्या. कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं." डॉक्टरांना पटली तर ही हकिगतसुद्धा चालते. नाही पटली तर रक्त तपासून घ्यायचं.

गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीची गंमत निराळी. १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना ती माफ आहे, कारण त्या पिढीला हे आजार लहानपणीच होऊन गेले असणार, असं अमेरिकी नियमावली धरून चालते. यजमान १९५५ चे, सुटले. बाईंनी दंड पुढे केला. न्यूमोनियाची लस मात्र पासष्ट ओलांडलेल्या दोघांनाही. कोविडची लस २०२१ च्या ऑक्टोबरात सक्तीची झाली आणि २०२५ मध्ये यादीतून निघाली, तरी मुलीनं तिचं प्रमाणपत्र जोडलंच. असावं जवळ.

शेजारणींनी आपापली नियमावली दिली. आठवडाभर भात बंद. सकाळी कारल्याचा रस. साखर वाढलेली दिसली तर परत पाठवतात म्हणे. मेडिकल म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे आदल्या रात्रीची घोकंपट्टी, ही आपली जुनी समजूत. प्रत्यक्षात दार अडवणाऱ्या संसर्गजन्य आजारांच्या यादीत मधुमेहाचं नाव नाही. तिथं टीबी आहे, गरमी आणि परमा आहेत, कुष्ठरोग आहे. एचआयव्ही जानेवारी २०१० मध्ये वगळला गेला. पण भारतातून जाणाऱ्यांसाठी खरा पेपर एकच, छातीचा एक्स-रे. पंधरा वर्षांपासून पुढे सगळ्यांना तो काढावाच लागतो.

फाइलमधल्या प्रश्नावलीत एक ओळ होती: पूर्वी टीबी झाला होता का?

"नाही लिही," बाई म्हणाल्या आणि गॅस बंद करायला उठल्या. गॅस चालूच नव्हता, हे मुलीला नंतर आठवलं.

एक्स-रेच्या खोलीत सगळं भराभर होतं. केस वर बांधा, मंगळसूत्र काढा, हनुवटी टेकवा, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा, सोडा. मंगळसूत्र यजमानांच्या शर्टाच्या खिशात गेलं. एरवी पाच मिनिटांत ते परत गळ्यात आलं असतं. पण डॉक्टरांनी बाईंना एकटीला आत बोलावलं. पडद्यावर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात रेघा दिसत होत्या, आक्रसलेल्या, जुन्या. एखादी सुटी, चुना धरलेली गाठ असती तर बेडक्याची भानगड टळली असती. रेघांना ती सवलत नाही.

"बाई, पूर्वी कधी टीबीची औषधं घेतली होती?"

"नव्वद इंजेक्शनं," बाई म्हणाल्या.

साल १९७८, वय एकोणीस. वडील गिरणीत कामाला, उपचार शिवडीच्या टीबी रुग्णालयात. स्ट्रेप्टोमायसिनची नव्वद इंजेक्शनं आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गोळ्या. त्या काळात लालबाग-परळमध्ये "शिवडीला जाते" एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे, ऐकणारा दोन पावलं मागे सरायचा. म्हणून आईनं चाळीत सांगितलं होतं, पोरगी शिवणाच्या क्लासला जाते. १९८१ मध्ये लग्न झालं. सासरी कळलं नाही, नवऱ्याला कळलं नाही, मुलांना तर नाहीच. चव्वेचाळीस वर्षं हे झाकून राहिलं ते एका काळ्या-पांढऱ्या चित्रात उघडं पडलं. बाहेर येऊन त्यांनी यजमानांना उभ्याउभ्याच सांगितलं. यजमानांनी खिशातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि विचारलं, "नव्वद?"

परदेशी जाणाऱ्याचं शरीर दारातच उलगडून बघण्याची रीत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर डॉक्टर येणाऱ्यांच्या कोटावर खडूनं अक्षरं काढत: डोळ्यांचा संशय आला तर एक, हृदयाचा आला तर दुसरं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर १९१० पासून हिंदी मजुरांच्या विष्ठेत आकडेकृमी शोधले गेले. औषधानं सहज बरा होणारा हा आजार माणसं परत पाठवायला फार सोयीचा ठरला. १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यतपासणी झाल्याची बातमी फुटली, आणि असल्या तपासण्या ब्रिटनच्या भारतातल्या कचेऱ्यांमध्येही होत होत्या हे पुढे कागदपत्रांतून निघालं. म्हणजे बाईंची नव्वद इंजेक्शनं नुकतीच संपली होती तेव्हाची ही गोष्ट. त्या मानानं आजची पद्धत सभ्य आहे. काचेपलीकडून का होईना, कोणी आजी म्हणतं.

आणि टीबीची धास्ती उगाच नाही. जगातल्या नव्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. ज्या देशात लाखामागे वर्षाला वीस किंवा जास्त रुग्ण, तिथल्या दोन ते चौदा वर्षांच्या मुलांचंही रक्त टीबीसाठी तपासायचं असा नियम आहे. भारत त्या आकड्याच्या कितीतरी पुढे. प्रतीक्षागृहात बारा वर्षांची एक मुलगी दंडाला कापूस दाबून बसली होती. तिच्या आत्यानं अर्ज केला होता २००६ साली, मुलीच्या जन्माच्याही आधी. भावंडांच्या रांगेचा वेगच तसा आहे. "एकोणीस वर्षं थांबलो," तिचे वडील हसून म्हणाले, "आता सुई काय नि सलाईन काय."

रेघा दिसल्या की पुढचा रस्ता ठरलेला: लागोपाठ तीन दिवस, सकाळी उपाशीपोटी, कोणाच्या तरी नजरेसमोर बेडका द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली तो लगेच पाहतात, पण खरा निकाल जंतू वाढवून पाहिल्यावरच लागतो. पोटातले साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. म्हणून आठ आठवडे. सिस्टर प्रत्येकाला नावाच्या आधी हेच सांगते, "आठ आठवडे हं." जंतू उगवले नाहीत तर व्हिसाचं काम पुढे सरकतं, पण अहवाल तीन महिनेच चालतो आणि तिकडे पोचल्यावर तिथलं आरोग्य खातं पुन्हा बोलावून घेतं. उगवले तर आधी देखरेखीखाली पूर्ण उपचार, मग बाकी सगळं.

सिस्टर साताऱ्याकडची आहे आणि तिचं निम्मं काम नक्कल करण्याचं आहे. नुसत्या पाण्यानं चूळ भरा. लांब श्वास घ्या, थांबा, सोडा. पुन्हा. तिसऱ्या वेळी पोटातून खोका. ती मास्कमागे स्वतः खोकून दाखवते. पहिल्या दिवशी बाईंनी डबी पुढे केली तेव्हा तिनं ती उजेडाकडे धरली, "फेस आहे बघा. ही थुंकी. बेडका कसा घट्ट, तार धरणारा." मग मिठाच्या पाण्याची वाफ दिली. दहा मिनिटांनी बाईंना असा काही खोकला आला की बाहेर बाकड्यावर बसलेले यजमान उठून उभे राहिले. "आला!" सिस्टर म्हणाली. प्रसूतिगृहात ऐकू यावा तसा आवाज.

आठ आठवड्यांचा हिशेब यजमानांनी कालनिर्णयवर मांडून ठेवला. मुलाला फोनवर फक्त तारीख पुढे गेल्याचं सांगितलं. त्यांचा स्वतःचा अहवाल स्वच्छ होता, पण ते अमेरिकेबद्दल बोलत नव्हते. पहिल्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये ते कुर्ल्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "नव्वद म्हणजे तीन महिने."

"साडेतीन."

दुसऱ्या दिवशी काहीच विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते थर्मास घेऊन आले, कारण डबी देईपर्यंत बाईंना चहा चालत नव्हता. आतून खोकण्याचा आवाज, मग सिस्टरचं "झालं, या आजी." बाई ओढणीसारखा पदर घेऊन बाहेर आल्या, डोळ्यांत पाणी, नाक लाल. यजमानांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

"साडेतीन महिने कसे? रोज देत ना?"

"रविवार सोडून," बाईंनी चहावर फुंकर घातली. "क्लासलाही रविवारी सुट्टीच असायची."