चाळीस नगांत संपणारा साचा आणि एका दिवसाचं लायसन्स : जपानच्या 'गॅरेज किट'चं गणित काय आहे?

इन्स्टाग्राम उघडलं की रेझिनचे व्हिडीओ हमखास दिसतात. कुणी लग्नातल्या वरमालेची फुलं पारदर्शक रेझिनमध्ये जपून ठेवतंय, कुणी समुद्राच्या लाटांचं टेबल बनवतंय. जपानमध्ये मात्र रेझिन ओतून एक वेगळीच गोष्ट बनवली जाते. तीही चाळीसेक वर्षांपासून, आणि बऱ्याचदा नोकरी सांभाळून, घरातल्याच एका खोलीत.

ही गोष्ट म्हणजे ॲनिमे, मांगा आणि गेममधल्या पात्रांच्या मूर्ती, म्हणजेच फिगर. त्यांना म्हणतात 'गॅरेज किट'. विकत घेणाऱ्याला तयार मूर्ती मिळत नाही. पिशवीत हात, पाय, केस, कपड्यांच्या घड्या असे सुटे भाग मिळतात. ते घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे ज्याचे त्याने.

या धंद्याच्या दोन अटी ऐकल्या की डोकं चक्रावतं. एक म्हणजे, ज्या साच्यातून हे भाग निघतात तो चाळीस-पन्नास नगांत बाद होतो. दुसरी म्हणजे, ते विकायची परवानगी मिळते फक्त एका दिवसाची. तरीही हे सगळं टिकलंय. कसं, तेच बघू.

मोठ्या कंपन्या हे का बनवत नाहीत?

दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या फिगर आणि मॉडेल किट धातूच्या साच्यात बनतात. असा साचा हजारो, कधी लाखो नग काढतो. पण तो बनवायलाच लाखो रुपये लागतात. त्यामुळे कंपनी त्याच पात्राला हात लावते, ज्याचे हजारो नग खपतील.

मग तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या मालिकेत दोनच भागांत दिसलेल्या पात्राचं काय? त्याचे चाहते असतील जेमतेम शे-दोनशे. त्यांच्यासाठी धातूचा साचा परवडत नाही. सिलिकॉनचा साचा मात्र काही हजारांत होतो. हौशी माणसाला वाट मिळते ती इथेच.

सुरुवात ओसाकातून

१९६४ साली ओसाकाजवळच्या मोरिगुची शहरात 'काइयोदो' नावाचं मॉडेलचं दुकान सुरू झालं. आकार जेमतेम पन्नास चौरस फूट. पुढे बाजारात न मिळणारी मॉडेल्स स्वतःच बनवणाऱ्या हौशी लोकांचा तो अड्डा झाला.

१९८२ मध्ये ओसाकातच 'जनरल प्रॉडक्ट्स' हे सायन्स फिक्शनच्या वस्तूंचं दुकान उघडलं. ते चालवणाऱ्यांपैकीच काही जणांनी १९८४ मध्ये 'गायनॅक्स' हा ॲनिमे स्टुडिओ काढला. घरी बनवलेली किट लोकांसमोर मांडता यावीत म्हणून जनरल प्रॉडक्ट्सने 'वंडर फेस्टिव्हल' भरवायला सुरुवात केली. १९९२ पासून त्याची सूत्रं काइयोदोकडे आली. एकदा हिवाळ्यात, एकदा उन्हाळ्यात, प्रत्येक वेळी एकच दिवस भरणारा हा मेळा २००९ पासून टोकियोजवळच्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन संकुलात होतो.

साचा बनतो कसा?

गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती निघताना अनेकांनी पाहिली असेल. तत्त्व तेच. फरक आहे तो बारकाव्याचा.

सगळ्यात आधी मूळ नमुना तयार होतो. पूर्वी तो लांबीसारख्या पुट्टीतून किंवा मातीतून हाताने कोरायचे. आता बरेच जण कॉम्प्युटरवर घडवून थ्रीडी प्रिंट काढतात. मग त्याचे भाग पाडतात. भाग कुठे तोडायचा हे ठरवण्यात खरं कसब आहे. जोड केसांच्या कडेला, कॉलरखाली किंवा पट्ट्यामागे लपला पाहिजे.

मग दोन भागांचा साचा :

१. नमुना ऑइल क्लेमध्ये निम्मा रुतवतात. क्लेला ठिकठिकाणी छोटे खळगे पाडतात. साच्याचे दोन्ही भाग नेमके एकमेकांवर बसावेत म्हणून ही खूण.

२. भोवती चौकट उभी करून द्रव सिलिकॉन ओततात. ते घट्ट व्हायला साधारण ६ ते २४ तास जातात.

३. सगळं उलटं करून क्ले काढून टाकतात. उघड्या पडलेल्या सिलिकॉनला व्हॅसलीनसारखा चिकट-रोधक थर लावतात. हा थर विसरला तर दोन्ही भाग एकजीव होतात आणि साचा सुरीने कापावा लागतो. सिलिकॉनला बाकी फारसं काही चिकटत नाही, पण सिलिकॉनला सिलिकॉन घट्ट चिकटतं.

४. दुसरा भाग ओततात. शेवटी रेझिन आत जायला एक वाट आणि हवा बाहेर पडायला बारीक वाटा ठेवतात.

सिलिकॉन बोटाचे ठसेसुद्धा उचलतं. म्हणजे नमुन्यावर एक ओरखडा राहिला तर तो प्रत्येक नगावर येणार.

आणखी एक खोच आहे. प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन गंधकाजवळ घट्टच होत नाही, चिकट राहतं. गंधक असलेली क्ले किंवा लॅटेक्सचे हातमोजे वापरले तरी अख्खा साचा वाया जाऊ शकतो. रेझिनची थ्रीडी प्रिंट नीट धुतली आणि सुकवली नसेल तरी तेच होतं. टिन प्रकारचं सिलिकॉन इतकं नाजूक नसतं, पण कालांतराने ते थोडं आकसतं.

पाच मिनिटांची धावपळ

वरमालेसाठी वापरतात ते इपॉक्सी रेझिन. ते घट्ट व्हायला बरेच तास घेतं. फिगरसाठी मात्र बहुतेक वेळा पॉलियुरेथेन रेझिन वापरतात. दोन द्रव, बहुतेक वेळा समान प्रमाणात, एकत्र केले की हाताशी जेमतेम ३ ते ७ मिनिटं उरतात. मिश्रण तापतं, पांढरं पडतं आणि अर्ध्या तासात भाग साच्यातून काढता येतो.

शत्रू एकच, बुडबुडे. नाकाच्या शेंड्यावर किंवा बोटाच्या टोकावर हवा अडकली की तो भाग गेला. म्हणून काही जण साच्यात आधी टाल्कम पावडर भुरभुरतात, म्हणजे रेझिन कोपऱ्यापर्यंत ओढलं जातं. काही जण भरलेला साचा प्रेशर टँकमध्ये ठेवून ४० ते ६० पीएसआय दाब देतात. बुडबुडे जात नाहीत, पण दबून इतके लहान होतात की दिसत नाहीत.

पण साच्याच्या सिलिकॉनमध्येच बुडबुडे राहिले असतील, तर दाबाखाली ते बसतात आणि मूर्तीवर पुरळ उठल्यासारखे फोड येतात. म्हणून सिलिकॉन ओतण्याआधी व्हॅक्यूम लावून त्यातली हवा काढतात.

साचा बाद का होतो?

प्रत्येक ओतकामात साच्याला उष्णता आणि रसायन, दोन्ही सोसावं लागतं. रेझिन हळूहळू सिलिकॉनमधलं तेल शोषून घेतं. साचा कोरडा आणि ठिसूळ होतो, बारीक कोपरे फाटतात. साधारण २० ते ५० नगांत त्याचं आयुष्य संपतं. त्यापुढे जायचं तर मूळ नमुन्यावरून नवा साचा करावा लागतो.

म्हणून गॅरेज किट महाग असतं. एका नगामागे साच्याचा मोठा वाटा आणि कित्येक तासांची मजुरी असते.

एका दिवसाचं लायसन्स

पात्र दुसऱ्याचं आणि मूर्ती विकणार आपण. कायद्याने हे चालत नाही. पण शंभर नग विकणाऱ्या हौशी माणसाने मोठ्या स्टुडिओशी पूर्ण करार करायचा तरी कसा?

यावर वंडर फेस्टिव्हलमध्ये रूढ झालेला तोडगा म्हणजे 'तोजित्सु हानकेन', अर्थात 'त्या दिवसापुरता हक्क'. निर्माता काही महिने आधी आयोजकांमार्फत अर्ज करतो. नमुन्याचे फोटो, किंमत आणि नगांची संख्या कळवतो. हक्कधारकाने होकार दिला आणि रॉयल्टी ठरली की त्या दिवशी, त्याच जागेत विक्री करता येते. मेळा संपला की परवानगीही संपली. उरलेले नग दुसऱ्या दिवशी विकता येत नाहीत.

हक्कधारकाला हे परवडतं, कारण नग थोडे, हिशोब उघड आणि चाहते खूश. शिवाय नवे हात तयार होतात. मॅक्स वातानाबे गॅरेज किटच्या जगातूनच पुढे आले. १९८७ मध्ये त्यांनी 'मॅक्स फॅक्टरी' काढली. २००८ पासून विकल्या जाणाऱ्या 'फिग्मा' या हलत्या सांध्यांच्या फिगर याच कंपनीच्या.

खरी डोकेदुखी : रीकास्ट

जे तंत्र हौशी माणसाला ताकद देतं, तेच चोरालाही देतं. कुणीही एक किट विकत घेऊन त्याच्या भागांवरूनच नवा साचा काढू शकतं. याला 'रीकास्ट' म्हणतात. कोरण्याचे महिने नाहीत, रॉयल्टी नाही, त्यामुळे किंमत निम्म्याहून कमी ठेवता येते.

ओळखायचं कसं? सिलिकॉन आणि रेझिन दोन्ही किंचित आकसतात. त्यामुळे नकलेचा भाग मूळ भागापेक्षा थोडा लहान निघतो. डोळ्यांच्या कडा बोथट होतात, जोड नीट बसत नाहीत. नकलेची नक्कल केली की हे आणखी वाढतं.

नुकसान फक्त त्या एका निर्मात्याचं होत नाही. एका दिवसाची परवानगी चालते ती ठरलेल्या आकड्यापलीकडे नग जाणार नाहीत या विश्वासावर. तो मोडला तर हक्कधारक पुढच्या वेळी नकारच देऊ शकतो.

घरी करून बघायचंय?

मग या गोष्टी लक्षात ठेवा :

• पॉलियुरेथेन रेझिनच्या एका भागात आयसोसायनेट असतं. त्याची वाफ वारंवार श्वासात गेल्यास दमा होऊ शकतो. एकदा ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. हवा खेळती ठेवा, रसायनांसाठीचा मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे वापरा. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

• भाग घासताना पॉलिश पेपर ओला ठेवा, म्हणजे धूळ उडत नाही. उरलेलं द्रव रेझिन बेसिनमध्ये ओतू नका.

• हे रेझिन ओलाव्याने फसफसतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर ओतलेला भाग स्पंजसारखा निघेल. डबा लगेच घट्ट बंद करा.

• भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सपाट चित्रावरून मूर्ती घडवण्याचा हक्कही मूळ चित्राच्या हक्कधारकाकडेच असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या पात्राच्या मूर्ती बनवून विकायच्या असतील तर परवानगी घ्या. एका दिवसाच्या लायसन्सची सोय आपल्याकडे रूढ नाही.

सुरुवातीला स्वतः कल्पना केलेलं पात्र घ्या. एकाच भागाचा साचा, एक बाजू सपाट असलेली छोटी वस्तू. पहिले दोन-तीन नग बुडबुड्यांनी खराब निघतील, हे धरूनच चाला.