भित्तिपत्रकावरचा मुका ध्वनी

28 फेब्रुवारी हा दिवस 1987 पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून देशभर पाळला जातो. यवतमाळ जिल्ह्यातील शाळाही तो पाळतात. व्याख्यान, प्रश्नमंजुषा आणि भित्तिपत्रके हा त्या दिवसाचा ठरलेला सरंजाम होय. ज्या विषयांवर मुलांना भित्तिपत्रके करावयास सांगितली जातात, त्यांत ध्वनी हा एक आवडता विषय. मात्र तयार होणारे चित्र बहुधा एकाच साच्याचे असते. एका कोपऱ्यात नादकाटा, दुसऱ्यात काचेच्या हंडीतील विजेची घंटा, मध्ये मानवी कानाचा छेद, खाली एक नागमोडी रेघ आणि तिच्याशेजारी ‘वेग : 340 मीटर प्रतिसेकंद’ ही ओळ. हे सारे मोबाइलच्या पडद्यावरून उतरवून घेतलेले असते. अक्षर वळणदार असले आणि रंग बाहेर गेला नसला, की क्रमांक मिळतो. ते काढणाऱ्या मुलाने त्या निमित्ताने एक तरी आवाज कान देऊन ऐकला काय, हा प्रश्न परीक्षकांच्या मनातही येत नाही.

ज्यांच्या शोधाच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो, त्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाइतकेच प्रेम ध्वनीवर केले होते, ही गोष्ट या समारंभांत सहसा सांगितली जात नाही. कलकत्त्याला सरकारी अर्थखात्यात नोकरी करीत असताना, कचेरीची वेळ सोडून, ते तंतुवाद्यांच्या तारांचे कंप मोजीत असत. 1920 साली शिवकाली कुमार यांच्यासमवेत त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली असता मूळ स्वराबरोबर जे उपस्वर निघतात, त्यांच्या वारंवारता मूळ वारंवारतेच्या पूर्ण पटीत नसतात. म्हणून तेथे नाद घुमतो, पण स्वर ठरत नाही. मृदंगाच्या आणि तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचा थर चढविला, की मुख्य उपस्वर जवळजवळ पूर्ण पटीत येतात आणि वाद्य स्वरात लागते. ज्या कारागिरांनी ही शाई शोधली, त्यांच्याजवळ समीकरणे नव्हती, कान होता.

आता हे सिद्ध करावयास यवतमाळच्या मुलाला प्रयोगशाळा हवी, असे थोडेच आहे? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रभावामुळे वऱ्हाडातल्या गावोगावी खंजिरी पोहोचलेली आहे. भजनी मंडळाकडे तबला किंवा मृदंग असतो, आणि लग्नावरातीत डफडे वाजते. मुलाने तबल्याच्या शाईवरची थाप ऐकून तो स्वर गुणगुणून पाहावा. तो गळ्यात सापडतो. डफड्याचा सापडत नाही. याच डफड्याला वाजविणारा आधी शेकोटीवर का धरतो, हेही त्याने विचारावे. दमट हवेत कातडे सैल पडते, ताण कमी होतो आणि आवाज खाली उतरतो. शेकले की कातडे आवळते आणि आवाज चढतो. ताण आणि वारंवारता यांचा संबंध सांगणारे यापेक्षा बोलके चित्र कोणते? परंतु डफडे भित्तिपत्रकावर येत नाही, नादकाटा येतो. अनेक खेड्यांतील मुलांनी तो प्रत्यक्ष पाहिलेलाही नसतो.

त्या नागमोडी रेघेचीही एक कथाच आहे. ती आलेख म्हणून बरोबर आहे, पण मुलाच्या मनात ध्वनी हवेतून सापासारखा वळवळत जातो अशी समजूत ती रुजविते. वस्तुतः हवेचे कण जागच्या जागी पुढे-मागे होतात आणि दाटी तेवढी पुढे सरकते. दहा मुले एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी करावीत आणि शेवटच्याला हलकेच ढकलावे. धक्का पहिल्यापर्यंत पोहोचतो, मुले आपल्या जागीच राहतात. हे चित्र काढले, की ‘संपीडन’ आणि ‘विरलन’ हे जड शब्द आपोआप हलके होतात. झरी-जामणीच्या एखाद्या पोडावर घरी कोलामी बोलणाऱ्या, किंवा पुसदकडच्या तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला हे शब्द दुहेरी परके असतात. त्याच्या बोलीतला शब्द त्यांच्या शेजारी लिहिला, तर विज्ञानाचे काही बिघडणार नाही.

कापसाच्या या जिल्ह्यात आणखी एक सोय आहे. पत्र्याच्या डब्यात वाजता मोबाइल ठेवावा, मग तोच डबा कापसाने गच्च भरावा. आवाज दबतो, कारण तंतूंच्या फटींतून हलणारी हवा घासली जाते आणि तिची ऊर्जा उष्णतेत जिरते. चित्रात दोन डबे पुरेत.

राहिला तो 340 चा आकडा. शाळेची घंटा म्हणून अनेक ठिकाणी रुळाचा तुकडा टांगलेला असतो. एका मुलाने त्यावर अर्ध्या सेकंदाला एक, असे सारख्या लयीत टोले द्यावेत आणि दुसऱ्याने त्याच्याकडे पाहत मोकळ्या शेतातून मागे मागे जावे. प्रथम टोला दिसतो आणि ऐकू येतो तो एकदमच. मग दोहोंत अंतर पडू लागते. सुमारे 170 मीटरवर पुन्हा दोन्ही एकत्र येतात, कारण आता कानावर पडतो तो आधीचा टोला. ते अंतर दोरीने मोजून दुप्पट केले की वेग मिळाला! येथे एक गंमत आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. डिसेंबरच्या 12 अंशांच्या सकाळी जे अंतर 169 मीटर भरते, ते एप्रिलच्या 42 अंशांच्या दुपारी 178 मीटर भरावयास हवे. उन्हाळ्यासाठी ख्यात असलेल्या या जिल्ह्यात तरी 340 हा आकडा बारमाही समजून छापणे शोभत नाही. मुलांची मापे चुकतील, एकमेकांशी जुळणार नाहीत; ती न जुळणारी मापेच कागदावर यावीत.

शिक्षकांवर याचा बोजा टाकणे सोपे आहे. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे आणि वर सर्वेक्षणे व माहितीचे तक्ते भरायचे, अशा शाळेत मुलांना शेतात नेऊन दोरी धरण्यास सवड कोठून येणार? म्हणून बदल करावयाचा तो स्पर्धेच्या गुणपत्रिकेत. सजावटीचे गुण निम्म्यावर आणावेत आणि उरलेले मुलांनी स्वतः ऐकलेल्या, मोजलेल्या गोष्टींना द्यावेत. शाळेभोवतालच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्राची नोंद 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. तीही या कागदावर यावी. मिरवणुकीतले भोंगे शाळेच्या दारात किती जवळ येतात, ते मुलेच त्याच दोरीने मोजू शकतील.

आणि विज्ञान दिन संपल्याबरोबर हे कागद उतरवू नयेत. त्यांवर दोन रकाने असावेत. डिसेंबरचा भरलेला असेल. एप्रिलचा, सकाळची शाळा सुटल्यावर उन्हात थोडे थांबण्याची तयारी असलेल्या मुलांसाठी, रिकामा ठेवावा.