हात पिशवीकडे जाऊ द्या

कडेवर बाळ, खांद्याला फुगलेली पिशवी, मुठीत तिकिटाचे पैसे आणि समोर एसटीची उंच पायरी. अशा बाईला मदत करावी असं बहुतेकांना मनापासून वाटतं. फक्त हात पुढे जातो तो बाळाकडे. तो पिशवीकडे जायला हवा.

चढता-उतरताना

मुंबईची लोकल मधल्या स्टेशनांवर अर्धा मिनिटही धड थांबत नाही. बाळ अनोळखी माणसाच्या हातात डब्यात आणि आई फलाटावर, हे घडायला तेवढा वेळ पुरतो. म्हणून बाळाला घेऊन आईनेच आधी चढावं, सामान मागून तुम्ही द्यावं. उतरतानाही तेच: ती खाली, मग पिशवी. “ताई, पिशवी द्या इकडे, तुम्ही चढा,” एवढं बोललं की काम होतं. न विचारता पिशवी ओढली तर ती घाबरेल, आणि तिचं बरोबरच आहे. एसटीत कंडक्टरने डबल बेल मारायच्या आत “थांबा, लेकरू उतरतंय” असा आवाज द्यायला तर जागेवरून उठावंही लागत नाही.

जागा देताना

पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट नाही, रेल्वेतही नाही. सवलत चांगलीच, पण तिकीट नाही म्हणजे हक्काची जागाही नाही. मूल आईच्या मांडीवर.

लांबच्या गाडीत याचा खरा त्रास रात्री होतो. आरक्षण करताना ज्येष्ठ नागरिक, 45 वर्षांवरच्या महिला आणि गरोदर स्त्रिया यांना शक्य असेल तर खालचा बर्थ मिळतो. तान्हं बाळ घेतलेली तिशीतली आई या यादीत बसत नाही. तिच्या वाट्याला वरचा बर्थ आला, तर बाळाला घेऊन ती शिडी चढणार कशी? 2022च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून बाळासाठी छोटा बर्थ लावून पाहिला होता. सगळ्या गाड्यांत अशी सोय नसताना उपाय एकच: तुमचा खालचा बर्थ आपणहून देऊ करणं. तिने विचारेपर्यंत थांबू नये. विचारायचा संकोच फार असतो.

लोकलमध्ये चौथी सीट दिली म्हणजे जागा दिली असं समजू नका. तिथे एकट्या माणसाला नीट टेकता येत नाही, मांडीवर मूल घेऊन तर नाहीच.

रडणं, दूध, गाडी लागणं

रडणाऱ्या मुलाच्या आईला सर्वांत जास्त बोचतात त्या नजरा. त्याखालोखाल सल्ले: “भूक लागली असेल”, “दात येत असतील”. तिला ते सुचलेलं असतंच. दूध पाजायचं असेल तर खिडकीकडची कोपऱ्यातली जागा द्यावी आणि आपण तोंड दुसरीकडे करून बसावं. अनेक एसटी स्थानकांवर यासाठी हिरकणी कक्ष असतो. तो कुठे आहे ते सांगणं, बंद असेल तर चौकशी खिडकीवर जाऊन उघडायला लावणं, ही मोलाची मदत.

घाटात मुलांना बस लागते. पुढची खिडकी आणि एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी देता आली तर द्या. खाऊ मात्र आईबापांना विचारल्याशिवाय नको, आणि बाळ कितीही गोड असलं तरी फोटो नकोच.

एकटा बाप

बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यात जाऊ शकतो. छोट्या मुलीला घेतलेल्या बापाला तिथे प्रवेश नाही. तो जनरल डब्याच्या रेट्यात उभा असतो. हिरकणी कक्षही त्याच्यासाठी नाही. दुपटं बदलायला त्याने जायचं कुठे, हा प्रश्न अजून कुणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. वर लोक गमतीने विचारतात, “आई कुठेय हिची?” त्याऐवजी थोडं सरकून जागा केलेली बरी.

गाडीत मूल आजारी पडलं तर टीसीला गाठा किंवा 139वर फोन लावा. बापाचे दोन्ही हात तेव्हा मुलात गुंतलेले असतात. डबा आणि बर्थचा नंबर विचारून घेऊन फोन तुम्हीच करा.