एकाच छपराखालच्या दोन शाळा

शाळेची घंटा सर्वांसाठी एकाच वेळी वाजते. पण तिच्यानंतर उघडणारी दारे सर्वांना सारखीच उघडतात काय, हा प्रश्न प्रत्येक समाजाने स्वतःला विचारावयास हवा. अमेरिकेत शिकागो महानगराला पश्चिमेकडून लागून असलेल्या ओक पार्क या उपनगराला तो विचारावा लागला, आणि मिळालेले उत्तर सुखावह नव्हते. ती हकीकत आमच्या वाचकांनीही मनन करावी अशी आहे.

ओक पार्क अँड रिव्हर फॉरेस्ट हायस्कूल ही दोन शेजारी गावांची मिळून एक सार्वजनिक शाळा. रहिवाशांच्या घरपट्टीवर मुख्यतः पोसलेली आणि लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाच्या कारभाराखाली चालणारी. नववी ते बारावी असे चार वर्ग आणि तीन हजारांवर विद्यार्थी. ‘जे सर्वोत्तम तेच’ अशा अर्थाचे ग्रीक शब्द हे तिचे ब्रीद. अर्नेस्ट हेमिंग्वे १९१७ साली येथूनच उत्तीर्ण झाला. शाळेच्या ‘ट्रॅपीझ’ या वृत्तपत्रात तो बातम्या लिही आणि ‘टॅब्युला’ या नियतकालिकात त्याच्या आरंभीच्या कथा छापून येत. मुलांच्या हाती लेखणी देण्याची ही परंपरा तेथे आजही आहे. स्वरचित कविता म्हणून दाखविणाऱ्या मुलांचे मंडळही तेथे आहे.

हेमिंग्वेचा जन्म १८९९ चा. त्याच वर्षी दक्षिणेतील माँटगोमेरी गावी पर्सी जुलियन जन्मला. आजोबा गुलामगिरीत वाढलेले. कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीच्या पुढे सार्वजनिक शाळाच त्या गावात नव्हती. एकाच्या दाराशी असे हायस्कूल, तर दुसऱ्याला हायस्कूलच नाही! तरीही जुलियन मोठा रसायनशास्त्रज्ञ झाला आणि १९५० साली त्याने ओक पार्क येथे घर घेतले. त्या घराला आग लावण्याचा प्रयत्न त्याच वर्षी झाला, आणि १९५१ मध्ये त्यावर डायनामाइट फेकण्यात आले. ज्याच्या विद्वत्तेचा जगाने गौरव केला, त्याचा शेजार मात्र काहींना नकोसा झाला.

ओक पार्कच्या श्रेयाची गोष्ट अशी की, गाव तेथेच थांबले नाही. वर्ण पाहून घर नाकारण्यास बंदी करणारा नियम त्याने १९६८ साली केला. कृष्णवर्णीय कुटुंबे येताच गोऱ्यांनी घरे विकून निघून जावे, हा अनेक उपनगरांचा अनुभव; ओक पार्कने तो नेटाने टाळला. आज तेथील एका माध्यमिक शाळेला जुलियनचेच नाव आहे. गाव मिसळले, त्याबरोबर हायस्कूलही मिसळले. मग आणखी काय हवे होते?

हवे होते ते वर्गाच्या आत. २०१५-१६ या शैक्षणिक वर्षात याच गावचे रहिवासी आणि या शाळेत मुले शिकविलेले चित्रपटकार स्टीव्ह जेम्स यांनी शाळेचे चित्रण केले. २०१८ मध्ये ते ‘अमेरिका टू मी’ या दहा भागांच्या माहितीपटातून लोकांपुढे आले. एकाच प्रवेशद्वारातून आत येणारी मुले पुढे वेगवेगळ्या पातळीच्या वर्गांत पांगत: वरच्या पातळीत गोरी मुले अधिक, खालच्या पातळीत कृष्णवर्णीय अधिक. नववीतच एकदा पातळी ठरली की दहावीचे विषय तिच्यावर ठरतात आणि महाविद्यालयाची वाटही तिच्यावरच. चौदाव्या वर्षी पडलेला शिक्का अठराव्या वर्षापर्यंत पुसत नाही. कुणी द्वेषाने हे केले असे नाही. सोयीसाठी केलेल्या व्यवस्थेनेच हा भेद घडविला.

२०२२ पासून शाळेने नववीच्या इंग्रजी, विज्ञान, इतिहास इत्यादी विषयांत या पातळ्या बहुतांशी एकत्र केल्या. त्यावर वाद झाला. हुशार मुले मागे खेचली जातील, शिक्षकांवर भार पडेल, हे आक्षेप पोकळ नाहीत. वर्ग लहान नसतील आणि शिक्षक तयार नसेल, तर केवळ मुले एकत्र बसवून शिक्षण साधत नाही. पण पातळी उंच ठेवून सर्वांना तिच्यापर्यंत चढण्याची संधी द्यावी, हे तत्त्व आम्हांस निःसंशय योग्य वाटते.

आणि हे सारे परदेशाचे म्हणून आपण बाजूस सारावे काय? आपल्याकडे वर्णाच्या जागी गुणपत्रिका असते, एवढाच फरक. हुशारांची ‘अ’ तुकडी आणि उरलेल्यांची ‘ड’ ही रीत कुणाला अपरिचित आहे? घरी शिकविणारे आईबाप आणि शिकवणीला पैसा असलेले मूल ‘अ’मध्ये जाते, ज्याच्या घरात पहिल्यांदाच पाटी आली, ते ‘ड’मध्ये. अनुभवी शिक्षक कोणत्या तुकडीला मिळतो, हे सांगावयास नको. ‘ड’मधल्या मुलाला मात्र आपण काय आहोत हे वर्षारंभीच कळून चुकते.

मुख्याध्यापकांना आमचे सांगणे एवढेच, की पुढील वर्षी याद्या करताना गुणांचा क्रम बाजूस ठेवून मुले मिसळावी, आणि उत्तम शिक्षक मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आधी द्यावा. गाव मिसळण्यापेक्षा वर्ग मिसळणे अवघड, असे ओक पार्कच्या अनुभवातून दिसते. पण अवघड आहे म्हणून ते टाळावे, असा धडा त्यातून खचितच निघत नाही.