कॅम्पातली कलमं

दापोलीच्या आसपासच्या खेड्यांतली जुनी माणसं बाजाराला निघाली की अजून ‘कॅम्पात जातो’ म्हणतात. 1818 नंतर इंग्रजांनी इथे छावणी टाकली, ती कधीच उठली. नाव तेवढं मागे राहिलं. बाकीचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. लोकमान्यांचं चिखलगाव, अण्णासाहेब कर्व्यांचं मुरूड आणि साने गुरुजींचं पालगड याच तालुक्यात. गुरुजी इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, महामहोपाध्याय काणेही तिथलेच. बाबासाहेबांच्या बालपणाचा काही काळही याच कॅम्पात गेला. एवढ्या मोठ्या नावांचं ओझं घेऊन गाव निवांत बसलेलं असतं.

आज मात्र दापोलीचा दिवस ठरतो तो विद्यापीठाच्या वेळापत्रकावर. 1965 साली इथे कृषी महाविद्यालय आलं आणि 18 मे 1972 रोजी कोकण कृषी विद्यापीठ. त्याला पुढे डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव दिलं गेलं, पण रिक्षावाल्याला नुसतं ‘विद्यापीठ’ म्हटलं की पुरतं. मी गेलो तो जुलैचा दुसरा आठवडा. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला निम्मा त्याच आठवड्यात उरकायचं त्यानं मनावर घेतलं होतं. एसटी स्टँडजवळच्या टपरीवर लातूरकडचा एक मुलगा भेटला. गेल्या वर्षी आला तेव्हा चार दिवसांत कपडे वाळले नाहीत म्हणून आईला फोन करून रडला होता म्हणे. आता तो स्वतःच नव्या पोरांना सांगतो, “जीन्स आणू नका. वाळत नाही.” मेसवाल्या काकूंची तक्रार उलट्या बाजूची. घाटावरच्या पोरांना भाकरी आणि ठेचा लागतो. भात बघितला की तोंडं वाकडी करतात. आणि तीच पोरं तिसऱ्या वर्षी बांगड्याचं तिखलं मागून घेतात.

शेवटच्या वर्षाला ‘रावे’. मुलं गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात. मुलगे कृषिदूत, मुली कृषिकन्या. पहिल्याच दिवसांत देवळासमोर रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात: विहिरी निळ्या, वाटा पांढऱ्या, घरं लाल. एका गावात म्हणे पावसाची सर येऊन सगळा गाव वाहून गेला आणि म्हाताऱ्यांनी मुलींना चहा पाजून पुन्हा काढायला बसवलं, कारण पहिल्या वेळी एका वाडीची विहीर राहिली होती.

पण मी तासभर रमलो तो एका शेडमध्ये. विद्यापीठातून निवृत्त झालेले एक माळीकाका आता गावाबाहेर स्वतःची छोटी रोपवाटिका चालवतात. गोणपाटावर मांडी, शेजारी तांब्याच्या रंगाच्या कोवळ्या रोपांची टोपली. गादीवाफ्यात रुजलेल्या आंब्याच्या कोयी, जेमतेम दोन आठवड्यांच्या. काकांनी एक रोप कोयीसकट उचललं, चार बोटांवर शेंडा छाटला आणि चाकूनं मधोमध उभी चीर दिली. मग हापूसची काडी घेतली. तिची पानं आठ-दहा दिवस आधीच झाडावर छाटून ठेवलेली, त्यामुळे डोळा टपोरा फुगलेला. काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली, चिरेत बसवली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं गुंडाळली. मी घड्याळ बघेपर्यंत दुसरं रोप हातात होतं.

“कोय तुटू द्यायची नाही,” ते म्हणाले. “पोराची शिदोरी आहे ती. मूळ धरेपर्यंत त्यावरच जगायचं.”

पूर्वी भेटकलमं बांधायची तर रोपाची कुंडी मोठ्या झाडाच्या फांदीशी नेऊन महिनोन्‌महिने टांगून ठेवावी लागे. या कोय कलमानं ते काम झटपट केलं. कोकणात हापूसच्या बागा वाढल्या त्यात या चाकूचा वाटा मोठा. काकांचं शिक्षण सातवी. “किती साहेबांना शिकवलंत?” म्हणून विचारलं तर हसले. “साहेब वहीत लिहून घ्यायचे. हात माझेच बघायचे.”

विद्यापीठानं 1981 मध्ये ‘रत्ना’ दिला, नीलम आणि हापूसचा संकर, गरात साका न होणारा. 1992 मध्ये ‘सिंधू’ आला, कोय इतकी पातळ की लोक त्याला बिनकोयीचा म्हणू लागले. तरी गिऱ्हाईक येतं आणि हापूसच मागतं. दापोलीच्या बाजारात चार जणांना मी रत्नाबद्दल विचारलं. एकानं सराफाचं दुकान दाखवलं.

गाव बदलतंय, आणि सगळंच बरं बदलतंय असं नाही. मंगलोरी कौलांची, पुढे ओटी असलेली घरं पाडून तीन मजली इमारती उठल्या आहेत. वर्षभर मुलांना भाड्यानं दिलेल्या खोल्या डिसेंबरअखेर आणि मे महिन्यात काही मालकांना पर्यटकांसाठी हव्या असतात. मग मुलं सामान मित्राच्या खोलीत कोंबून गावी जातात. ज्यांच्या जिवावर गावाचे बाकीचे महिने निघतात त्यांना हंगामापुरतं बाहेर काढायचं, हे मला तरी हिशेबाचं वाटलं नाही. संध्याकाळी वाचनालयात डोकावलो तर टेबलावर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. बांधावर जायचं की कचेरीत, याचं उत्तर बहुतेकांनी आधीच ठरवलेलं दिसलं. काकांकडे कलमं बांधायला दोन बायका येतात. पदवीधर एकही नाही.

मुरूड-हर्णैच्या किनाऱ्यावर सगळेच जातात, तुम्हीही जा. पण जुलैत आलात तर एखादं रत्नाचं कलम घेऊन जा. जोडावर पट्टी घट्ट आहे ना, एवढं बघून घ्या. आणि जोड मातीखाली गाडू नका.