चौदा हजार तासांचा पंप

ब्रिटनमध्ये घराला हीट पंप बसवायचा म्हटलं की पहिला आकडा कानावर येतो तो साडेसात हजारांचा. तेलाचा किंवा गॅसचा बॉयलर काढून हवेतली उष्णता ओढणारा पंप लावणाऱ्याला इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार ७,५०० पौंड देतं. ऑक्टोबर २०२३पर्यंत हीच रक्कम ५,००० होती. अट अशी, की यंत्र कोरं करकरीत हवं आणि बसवणारा प्रमाणपत्रवाला हवा. त्यामुळे नॉर्फकमधल्या दादाने फोनवर विचारलं, "सेकंडहँड पंप बघायला चाललोय, चौदा हजार तास चाललेला आहे, येतेस का?" तेव्हा वाटलं, फुकटचे साडेसात हजार सोडून हा जुनं डबडं कशाला बघतोय? दादा मूळचा आटपाडीचा, आता नॉर्विचच्या रुग्णालयात नोकरीला. पैच्या हिशेबाला पक्का. तो असं करतोय म्हणजे काहीतरी असणार, म्हणून गेले.

त्याची अडचण वेगळीच होती. गावात गॅसची पाइपलाइन नाही. घर घेतलं तेव्हा त्यात हीट पंप होताच, पण तो मेलेला. आधीचे मालक गेल्यावर घर एक हिवाळाभर रिकामं पडलं आणि वीज बंद ठेवली गेली. अशा पंपाचं सगळं यंत्र बाहेरच्या एकाच खोक्यात असतं आणि घरातल्या रेडिएटरचं पाणी त्या खोक्यापर्यंत जाऊन परत येतं. पाण्यात गोठणरोधक नसेल, वीजही नसेल आणि रात्री पारा शून्याखाली गेला, तर ते पाणी आतल्या पातळ पत्र्यांच्या थप्पीतच गोठतं. बर्फ फुगतो, पत्रे चिरतात. मग गॅस पाण्यात, पाणी कॉम्प्रेसरमध्ये आणि खेळ खलास.

आता गंमत अशी, की अनुदान मिळतं ते तेल, गॅस किंवा साधे विजेचे हीटर काढून पंप लावणाऱ्याला. आधीच पंप असेल आणि तो मेला असेल, तर दुसऱ्यासाठी दमडी नाही. दादाने तीन ठिकाणी विचारलं. नवा बसवून द्यायला अकरा ते चौदा हजार पौंड. हिवाळा त्यांनी प्लगवर चालणाऱ्या हीटरवर काढला. वहिनींनी आईकडून आलेली गोधडी सोफ्यावर आणली होती आणि विजेचं बिल फ्रिजच्या दारावर लावून ठेवलं होतं, येता-जाता राग यावा म्हणून.

विक्रेते समुद्रापासून चारेक मैलांवर राहणारे निवृत्त दांपत्य. पंप २०१८ साली बसवलेला. तेव्हा सरकारची जुनी योजना होती. निर्माण झालेल्या उष्णतेचे पैसे दर तिमाहीला, सात वर्षं. मार्च २०२२मध्ये ती नव्या अर्जदारांना बंद झाली, आधीच्यांना सात वर्षं भरेपर्यंत पैसे येत राहिले. यांची सात वर्षं संपली, मधल्या काळात घराला दोन खोल्या वाढल्या आणि साडेआठ किलोवॅटचा पंप अपुरा पडू लागला. नवा मोठा पंप खोक्यात तयार होता, जुना अजून चालू होता. मागणी नऊशे पौंडांची.

दादाने सोबत एक मेकॅनिक आणले होते. साठी ओलांडलेले, नॉर्फकचेच, जन्म सुपरमार्केटच्या शीतकपाटांवर गेलेला. हीट पंप म्हणजे त्यांच्या लेखी उलटा लावलेला फ्रीज, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. फोनवरच त्यांनी एक अट घातली होती. पंप घराला जोडलेला आणि चालू असेल तरच येतो. काढून गॅरेजमध्ये ठेवलेला असेल तर पेट्रोल जाळणार नाही. दादाला ही अट एकदम पटली. म्हणाला, "आबा खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार घ्यायचे, तेव्हा बसलेल्या बैलाचा सौदाच करायचे नाहीत. उठव, चालव, मग बोल."

मेकॅनिकनी विजेचा खटका बंद केला, झाकण उतरवलं आणि मग बराच वेळ एकही अवजार हातात घेतलं नाही. उजव्या हाताची तर्जनी तांब्याच्या एकेका जोडावरून फिरवायची, नाकाशी न्यायची, पुढचा जोड. मी न राहवून विचारलं.

"तेल शोधतोय. गॅस पळून जातो, तेल मागे राहतं," ते म्हणाले.

कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर सगळ्या नळ्यांतून फिरत असतं. जिथे गॅस झिरपतो तिथे तेलाचा पातळ ओघळ उरतो, त्यावर धूळ बसते. डोळ्याला ती धूळच दिसते, बोटाला तेल कळतं. आणि वास? कॉम्प्रेसरचं वेटोळं आतून जळालेलं असेल तर तेल आंबूस, झोंबणाऱ्या वासाचं होतं. "तो वास एकदा नाकात बसला की संध्याकाळी जेवताना चहालासुद्धा येतो." त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं. मला फक्त धुळीचा आणि थोडा रबराचा वास आला. "बरोबर. हाच यायला हवा."

खाऱ्या वाऱ्याची खूण मात्र होती. मागच्या जाळीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या कडांना पांढरी भुकटी धरलेली. मालवण-रत्नागिरीकडे एसीच्या बाहेरच्या युनिटची जी गत होते तिची ही सुरुवात. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. पाती वाकली, तुटली नाही. शंभर पौंड इथे कमी होतील, असं त्यांनी दादाला डोळ्यांनीच सांगितलं.

मग आला तो आकडा. विक्रेत्या काकांनी कंट्रोलरच्या पडद्यावर काढून ठेवलाच होता: १,४००. यंत्र तास दहाच्या पटीत दाखवतं, म्हणजे चौदा हजार. काका जरा ओशाळून म्हणाले, "जास्त आहेत का हो?" मेकॅनिकनी तिकडे लक्षच दिलं नाही. "दुसरा आकडा काढा," म्हणाले. कॉम्प्रेसर किती वेळा सुरू झाला तो. हा शंभराच्या पटीत दिसतो. पडद्यावर ९८ आलं. म्हणजे ९,८०० वेळा.

आणि इथे ते पहिल्यांदा खूश दिसले. चौदा हजार तासांना नऊ हजार आठशे सुरुवाती, म्हणजे दर खेपेला जवळजवळ दीड तास संथ चाल. कॉम्प्रेसर तासांनी झिजत नाही, धक्क्यांनी झिजतो. चालू होताना तेल अजून जागेवर पोचलेलं नसतं, त्या क्षणांत धातूवर धातू घासतो. त्यांनी चौदा हजार तासांचाच दुसरा एक पंप पाहिला होता, त्यावर सुरुवाती पाऊण लाख. छोट्या घराला कुणीतरी भलामोठा पंप लावलेला, तो दर दहा-बारा मिनिटांनी घर तापवून बंद पडायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. "तास सारखेच, पण तो घेतला असता तर तुम्ही कचरा घेतला असता."

मला हे फार आवडलं. पंपाच्या पोटात तो ज्या घरात राहिला त्या घराची हकीकत लिहिलेली असते. रेडिएटर पुरेसे मोठे होते का, पाणी उगाच साठ अंशांवर तापवलं जात होतं की पस्तीस-चाळिसावर भागत होतं, कुणी दिवसातून चार वेळा बटण दाबत होतं का, सगळं त्या दोन आकड्यांच्या भागाकारात आहे. ज्या घराने पंप नीट वागवला त्या घराचाच पंप घ्यायचा.

खटका पुन्हा वर गेला. कॉम्प्रेसरने तीनेक मिनिटं वाट पाहिली आणि हलकेच सूर धरला. जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळीला एकेक थर्मामीटर चिमट्याने लावला. फरक पाच अंशांचा, पाण्याचा प्रवाह मिनिटाला चोवीस लिटर. साडेआठ किलोवॅटला इतकंच हवं. हे त्यांनी पाटीवर लिहिल्यासारखं भराभर वाचून टाकलं. त्यांचं खरं लक्ष होतं जाळीवर जमणाऱ्या हिमाकडे.

बाहेर ३ अंश, दमट हवा, म्हणजे इथली रोजचीच. पंप हवेतली उष्णता ओढतो तेव्हा जाळी हवेपेक्षाही गार होते आणि दमटपणा तिच्यावर हिमाच्या रूपात बसतो. हळूहळू जाळी पांढरी होत गेली. मग पंखा थांबला. आतून खट्ट असा आवाज, त्यामागून लांबलचक फुस्स. चार तोंडांच्या व्हॉल्व्हने गॅसची दिशा उलटी केली होती. आता पंप घरातल्या पाण्याची ऊब उसनी घेऊन स्वतःची जाळी तापवत होता. एकदम वाफेचा ढग उठला, दादा दिसेनासा झाला, खालून पाण्याची धार लागली. मेकॅनिक उकिडवे बसून घड्याळ बघत होते. चार मिनिटांत पुन्हा खट्ट आणि पंखा सुरू. मी "परत एकदा बघता येईल का?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "ते मला नाही, हवेला विचारा."

हा व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर उन्हाळ्यात झकास वाटलेला पंप जानेवारीत बर्फाची लादी होऊन बसतो. जुना पंप थंडीतच बघावा, हा त्या दिवशी कळलेला सर्वांत कामाचा भाग. बाकी तिथे बसून मी आणखी दोन-तीन ढग पाहिले, कामाशी त्यांचा संबंध नव्हता.

भाव करण्याआधी त्यांनी दादाला विचारलं, "तुमचं घर किती उष्णता गमावतं?" बाहेर उणे दोन-तीन असताना घर आतून २१ अंशांवर ठेवायला किती किलोवॅट लागतात, तो आकडा. दादाने भिंती, खिडक्या, छप्पर मोजून काढला होता: ७.२. नसता काढला तर सौदा तिथेच मोडायचा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. यंत्र स्वस्त मिळालं म्हणून घरात बसतंच असं नाही. आठशेवर ठरलं. कंट्रोलर, तापमानाचे सेन्सर आणि मूळ पुस्तिका त्यातच. कंट्रोलर हरवलेला पंप निम्म्या किमतीतही घेऊ नये, कारण सुटा मिळवताना घाम फुटतो.

पाणी पिंपात काढलं, नळ्या सोडल्या, आतले पत्रे हवेच्या दाबाने कोरडे केले. शंभरेक किलोचा खोका चौघांनी उभाच व्हॅनमध्ये चढवला. आडवा करायचा नाही, तेल कॉम्प्रेसरमधून नळ्यांत उतरतं.

खोक्याच्या बाजूची पट्टी मी वाचली. गॅस आर-४१०ए, दोन किलोच्या आसपास. हा गॅस हवेत सुटला तर एक किलो म्हणजे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक, म्हणजे त्या डब्यात चार टनांहून जास्त कोंडलेलं. दादाच्या मेलेल्या पंपातले चार टन पत्रा चिरल्यावर केव्हाच पाण्यात मिसळून हवेत गेले होते, कुणाला पत्ताही नव्हता. सरकारी फॉर्मवर या गोष्टीला रकाना नाही. नवा पंप विकत घ्या, साडेसात हजार घ्या. चालता पंप जपून दुसऱ्या घरी न्या, तर अनुदान नाही, हमी नाही, वर नियोजन-परवानगीसाठी कौन्सिलकडे खेटे, कारण परवानगीविना पंप लावण्याची सवलत ठरावीक मानकांत बसणाऱ्या बांधणीलाच आहे. फसवणूक टाळायला नियम हवेत, मान्य. पण या नियमांनी धडधाकट यंत्रांना भंगाराची वाट दाखवली आहे, असं माझं स्पष्ट मत झालं.

त्यातून ही नॉर्विचची हद्द. १९४५मध्ये, लढाईच्या टंचाईत, इथल्या नगरपालिकेचे विद्युत अभियंता जॉन समनर यांनी वेन्सम नदीच्या पाण्यातून उष्णता ओढून वीज खात्याची इमारत तापवली. ब्रिटनमध्ये मोठ्या इमारतीला ऊब देणारा तो पहिला हीट पंप. नवे भाग मिळत नव्हते, म्हणून कॉम्प्रेसर जुना वापरलेला, १९२०च्या दशकातला, सल्फर डायऑक्साइडवर चालणारा. तरी विजेच्या एका युनिटमागे उष्णतेची तीनहून जास्त युनिटं मिळत होती. आजच्या योजनेत समनरसाहेबांचा अर्ज पहिल्याच पानावर नामंजूर झाला असता.

बसवणं तसं सोपं गेलं. गॅसचा भाग उघडायचा नसल्याने पाण्याच्या नळ्या आणि वीज एवढंच काम. पाया जुनाच, लवचीक नळ्या, रबरी पाय आणि गाळणी नवी. घरातले रेडिएटर आधी धुऊन घेतले, त्यांतून काळं पाणी आणि तेलाचे तवंग निघत राहिले. गोठणरोधक मात्र दादाने मोजून नव्हे, जरा जास्तच ओतलं. पहिल्या पूर्ण दिवसाचा हिशेब त्याने कळवला. विजेचे २६ युनिट, उष्णतेचे ८४. म्हणजे प्लगच्या हीटरच्या तुलनेत बिल तिसऱ्या हिश्श्यावर. फ्रिजवरचं जुनं बिल वहिनींनी काढलं नाही, शेजारी नवं लावलं.

मेकॅनिकनी मेलेला खोका नेण्याची तयारी दाखवली. ओल शिरल्याने कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह बाद, पण पंख्याची मोटर, दोन्ही बोर्ड आणि पत्र्याचं अंग शाबूत होतं. वहिनींनी ते ऐकलं आणि त्यांच्या मजुरीचं बिल हातात घेत विचारलं, "म्हणजे हे तुम्ही विकणार?" ते हो म्हणाले. "मग त्याचे पैसे?" त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने छताकडे पाहिलं. मजुरीतून साठ पौंड कमी झाले, चहाचा दुसरा कप झाला आणि बोर्डांपैकी एक दादाने सुटा भाग म्हणून ठेवून घेतला.